आत्याने आधी पाहिलेला पिक्चर

मसाका, ३ मार्च २००३

ति. नाम्बूझे वन्संना, नान्सिकोम्बीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी बरी आहेत. मटोकेच्या हिरव्या केळ्यांचा घड बसने धाडला होता, पोचला का?

आपल्या नाक्येयुनेने एका पिक्चरसाठी हट्ट धरलाय. बापाला मारणाऱ्या टोळीतल्या एकेकाला मुलगा गाठतो आणि खलास करतो. वर्गातल्या सगळ्या पाहून आल्या म्हणे. एरवी मी कान उपटून घरात बसवली असती. पण तुमच्या भावाला चिरडणारा तो ड्रायव्हर सुटून पुन्हा टॅक्सीची व्हॅन चालवतोय, आणि आपली पोर रोज शाळा सुटली की टॅक्सी पार्कात जाऊन त्याच्याकडे टक लावून उभी राहते. बापाला पुरलं तेव्हापासून रडलेली नाही. चौदा वर्षांची पोर, पिक्चर पाहून तिच्या हातून भलतंसलतं घडलं तर? मला फार भीती वाटते हो. मुलीचं बरंवाईट आत्यानेच ठरवायचं असतं. तुम्ही आधी पाहा आणि कळवा.

पोरीवर नजर असू द्या.
तुमची नान्सिकोम्बी

कंपाला, ११ मार्च

चि. नान्सिकोम्बीस, अ. उ. आ.

घड पोचला. निम्मा शेजारणीनेच लांबवला, मेलीने!

तुझ्यापायी या वयात व्हिडिओ हॉलात टारगट पोरांच्या गर्दीत बाकावर बसले. रक्त पुष्कळ आहे, उघडंवाघडं काही नाही. पिक्चर इंग्रजी, आमचा व्हीजे माइकवरून आपल्या लुगांडात सांगतो. भलता वात्रट! तिकडे माणूस मरतोय आणि हा विचारतो, याच्या चपला आता कोण नेणार? हसून हसून पोट दुखलं. शेवटी मीही टाळ्या पिटल्या. भाऊ आठवला, खोटं कशाला बोलू? पण सगळी गंमतच गं. दाखव तिला, फक्त शेजारी बस.

माया आहेच, ती लिहून काय दाखवू?
नाम्बूझे

मसाका, २५ मार्च

ति. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

अहो, तुमचा वात्रट व्हीजे राहिला तिकडेच! इथला म्हातारा निघाला. एक विनोद करेल तर शपथ. पडद्यावर माणूस पडला की हा सांगायचा, हा रानरेड्याच्या कुळातला, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, आईच्या घरावर पत्रे घालायचे राहून गेले. पिक्चरमध्ये यातलं काही नव्हतं हो! सगळं त्याच्या पदरचं. मी मनात तुम्हाला शिव्या घातल्या, राग मानू नका.

दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा पार्कात गेली. मी जीव मुठीत धरून मागे. ती थेट त्या ड्रायव्हरपुढे उभी राहिली आणि तुमचं कूळ कोणतं, असं विचारलं. तो गडबडला. पण कूळ विचारल्यावर न सांगून कसं चालेल? टोपी काढून त्याने नाकतोड्याचं कूळ सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आजाचं सांगितलं.

मग तिने आपलं सांगायला सुरुवात केली. सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशी खणखणीत. आधी आपलं कूळ, मग मी सेबुन्याची मुलगी. वन्सं, हाका मारणारे कंडक्टरसुद्धा जवळ येऊन उभे राहिले. तो माणूस टॅक्सीच्या पायरीवर मटकन बसला, तोंड झाकून. तिने आजा-पणजापर्यंत सगळं नीट पुरं केलं. मग माझ्याकडे वळली आणि हंबरडा फोडला.

आशीर्वाद भरभरून पाठवा, इथे लागताहेत.
तुमची नान्सिकोम्बी