उणे चारची खुंटी

बिरवाडी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सुनीलदादास,

संजूचा नमस्कार. आम्ही बरे आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? फोनच करणार होते, पण तुझा फोन हल्ली वहिनी स्पीकरवर लावतात, म्हणून लिहिते.

परवा आपला नीलेश आला होता. पाडव्याला घराचा पाया खणणार म्हणून खुशीत होता. म्हणाला, "दादाने माळाचे दोन वाटे केले, मी आधी उचलला. धाकट्याचा मानच हाय तो. मोजणीच्या एका खुंटीवर एक, दुसरीवर चार. आकड्याआधीची आडवी रेघ पुराची. म्हणजे मी पुराच्या चार फूट वर, दादा एकच फूट. मोठा वाटा मीच मारला गो ताई."

तो गेल्यावर आमची ऋतिका वहीतून डोकं काढून म्हणाली, "आई, ती रेघ उण्याची असेल. पुराची खूण शून्य धरली, तर उणे चार म्हणजे चार फूट खाली. चार हे नुसतं अंतर. उणे एकच मोठा." सहावीत आहे, हेच शिकतेय सध्या.

काल मी जागेवर जाऊन आले. डोळ्यांना माळ सपाटच दिसतो. मोजणीवाल्याला फोन करून विचारलं, तर ऋतिकाचंच खरं. चार फूट पाणी म्हणजे माझ्या छातीपर्यंत रे. नीलेशच्या रेश्माचं बाळ अजून पाळण्यात आहे.

आणि उणे एकच्या खुंटीपाशी तुझे बांधकामाचे चिरे रचलेले. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, वाटे उचलायच्या आदल्या दिवशीच गाडी आली. नीलेशने उचलून उरेल तो तुझा, असं ठरलं होतं ना? मग कुठला उरणार हे तुला आधीच कसं कळलं?

नीलेशने तुला विचारलंही होतं म्हणे, रेघ पुराचीच ना? तू नुसता हसलास. तो हे कौतुकाने सांगत होता.

चिरे उतरवायला दुसरीकडे जागा नव्हती म्हण. मला खोटी पाड, मी आनंदाने पडेन. पण पाया खणायच्या आधी त्याला तुझ्या तोंडाने सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि या चिऱ्यांचंही सांगेन.

भाऊबीजेला मी दरवर्षी दोन पाट मांडते. यंदा एक मांडायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुम्हा दोघांची बहीण,
संजीवनी