जुन्या कोठ्यावरचे पाणी

मी, धनंजय भैय्यालाल दिघोरे, वय अठ्ठावीस वर्षे, शिक्षण नववी, धंदा मासेमारी, राहणार करंजटोला पुनर्वसन, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, आज आपल्या हाताने व आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला कोणी धाक दिलेला नाही व लालूच दाखविलेली नाही. मी दारू पीत नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी वय विचारले आणि म्हणाले, "अठ्ठावीस? अन् मृत्युपत्र कायले? काही बिमारी आहे का गा तुले?" मी नाही म्हटले. तरी त्यांनी दोनदा बीपी पाहिला.

बिमारी नाही. कारण असे की, बुधवार दिनांक ९ एप्रिल २०२५ रोजी सकाळी मी धरणाच्या पाण्यात आमच्या गुरांच्या जुन्या कोठ्याचे उरलेले चार खांब कापायला खाली जाणार आहे. मला बुडी मारणे नीट येत नाही. आमच्यात बुडी मारणारा निकेश होता. निकेश इस्तारी मारबते, माझा डोंग्यातला, म्हणजे नावेतला, जोडीदार, ११ मार्चला त्याच खांबांत अडकून मेला. आज सत्तावीस दिवस झाले. सकाळी उठलो की आधी मला वाटते तो घाटावर येऊन उभा असेल. मग आठवते. रोज नव्याने आठवते.

कलम १. घर. पुनर्वसनातील प्लॉट क्रमांक ४१ व त्यावरील दोन खोल्या माझी आई निर्मलाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, व नंतर बहीण डिंपल हिला मिळाव्या. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तेथे वायरचा बोर्ड आहे, त्याला ओल्या हाताने कोणी शिवू नये.

कलम २. बँकेतील माझ्या खात्यात जे असेल ते डिंपलच्या शिक्षणाला लावावे. लग्नाला नाही. ज्या वर्षी धरणासाठी आमचे गाव उठले त्या वर्षी मी नववीत होतो. शाळा एकीकडे गेली आणि आम्ही दुसरीकडे. मी परत गेलो नाही. डिंपलचे तसे होऊ नये. आईने यावर रडारड करू नये ही विनंती.

कलम ३. अवजारे. तीन जाळी, दोन कंदील, मासे ठेवायची थर्माकोलची पेटी, वजनकाटा, हे सर्व मच्छीमार संस्थेला द्यावे. ११ मार्चचे जाळे यात धरू नये. ते मी जाळले आहे.

लोखंडी लंगर आमच्यातले वयस्क मासेमार कृष्णराव यांचा आहे. तो त्यांना परत करावा. त्याखेरीज त्यांना माझ्याकडून काही मिळू नये, माझ्या मयतीत बोलण्याचा मानही नाही. निकेशला घाटावर आणून ठेवले तेव्हा त्यांनी सर्वांसमोर म्हटले, "पाणी आपला वाटा घेतेच बाप्पा, वर्षाला एक."  आता लिहितो की पाण्याने वाटा घेतला नाही. कोणी घेतला ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. जुने घर. मौजा जुने करंजटोला येथील आमचे घर व गुरांचा कोठा. चतुःसीमा: पूर्वेस मारुतीचा पार, पश्चिमेस इस्तारी मारबते यांचे घर, दक्षिणेस बोडी म्हणजे लहान तळे, उत्तरेस गावरस्ता. हे सर्व आज पाण्याखाली आहे. संस्थेचे सचिव घनश्यामभाऊ शेंडे यांनी कलम वाचून सांगितले, "पाणी सरकारचं आहे बाबू, थे कागदावर देता येत नाही." मला ते कळते. पण आमच्या गावचे मासेमार जाणतात की गाव उठल्यापासून ज्याने त्याने आपापल्या बुडालेल्या घरावरच जाळे टाकायचे. कोणी ठरविले नव्हते. पहिल्या वर्षी लोक डोंग्यातून खाली बघत आपले घर शोधत गेले, आणि जेथे थांबले तेथेच जाळे सोडले. तेव्हापासून ती रीत झाली. दुसऱ्याच्या घरावर जाळे टाकणारा चोर समजला जातो.

म्हणून आमच्या घरावरचे पाणी हे आमचे होते, आणि त्यात काय आहे हे फक्त मला ठाऊक होते.

गाव उठताना सर्वांनी घरे मोडून लाकूड नेले. बाबांनी घर मोडले, कोठ्याचे सहा सागवानी खांब सोडले. आई म्हणाली, "हे काहून ठेवता?" बाबा म्हणाले, "परत गावात याची पाळी आली तं बैल कोठी बांधू?" आम्हाला वाटले ते खांब नंतर सडून पडले असतील. मागच्या जेठ महिन्यात पाणी छातीपर्यंत उतरले तेव्हा मी एकटा असताना माझे वल्हे त्यांना लागले. सहाही उभे होते. शेवाळ धरलेले, आणि भोवती मासे. खांबाला मासा धरतो. मी कोणाला सांगितले नाही. निकेशलाही नाही. त्या वर्षी आमच्या डोंग्यात सर्वांत जास्त रोहू आला, आणि निकेश हसून म्हणायचा, "तुह्या बापाचं पुण्य आहे गा." मी हो म्हणायचो.

११ मार्च, मंगळवार, सकाळी साडेसात. जाळे ओढताना अडकले. मी दोन झटके दिले.

निकेश म्हणाला, "कापू का?"

मी म्हणालो, "काप म्हणते! नवं जाळं आहे. तुह्या सासऱ्यानं देल्लं काय?"

तो हसला. बनियान काढले, घड्याळ माझ्या हातात दिले आणि विचारले, "खाली काय आहे?"

हे त्याने विचारले. मी हे कलम तीनदा लिहून फाडले आहे, या वेळी फाडणार नाही. त्याने विचारले, आणि मी म्हणालो, "काही नाही. झाडोरा असंल."

तो एकदा खाली जाऊन वर आला. म्हणाला, "लाकूड लागते गा, खांबावाणी." तेव्हाही मला सांगता आले असते. मी म्हणालो, "असंल. बाजूनं सोडव." तो परत गेला. जाळ्याचा दोर माझ्या हातात होता. दोर दोनदा हलला. मला वाटले सुटले, म्हणून मी जोरात ओढला. दोर ताठ झाला. मी आणखी ओढला.

मी ओढायला नको होते.

दुपारी अडीच वाजता दोन खांब कापून त्याला वर आणले. दोन्ही पायांना जाळे आवळलेले होते. त्याच्या उजव्या हाताने बैल बांधायची लोखंडी कडी धरलेली होती. ती कडी मी ओळखली. लहानपणी आमचा पांढरा बैल मीच तिला बांधायचो. बोटे सोडवायला दोन माणसे लागली. त्याचे घड्याळ माझ्या मनगटात होते आणि चालू होते. मी ते कधी घातले मला आठवत नाही.

लोक म्हणाले, "भैय्यालालनं खांब सोडले, पाहा आता." चार वर्षांपूर्वी मेलेल्या माझ्या बापाला सर्वांनी बोल लावला. मी तेथेच उभा होतो. 

तरी मी लिहून देतो की खांब बाबांनी सोडले, पण ते उभे आहेत हे मला ठाऊक होते, व मासे मिळावे म्हणून मी लपविले. त्या पाण्यावर यापुढे दिघोरे घराण्याचा किंवा कोणाचाही हक्क राहू नये. तेथे कोणी जाळे टाकू नये. मी चार पांढरे डबे बांधून खूण केली आहे. वाऱ्याने सुटले तर संस्थेने परत बांधावे. आणि कोठेही जाळे अडकले तर कापावे. नवे असले तरी कापावे.

कलम ५. डोंगा. माझा लाकडी डोंगा, वल्ह्यांसह, निकेशची आई गिरजाबाई इस्तारी मारबते हिला मिळावा. उजव्या अंगाला पुढून तिसरी फळी जरा झिरपते, तेथे डांबर लावावे.

कलम ६. बुधवारी मी खाली अडकलो तर माझ्यामागे कोणीही बुडी मारू नये. डोंग्यावर जो असेल त्याने दोर ओढू नये. दोर सोडून काठावर यावे. जेठात पाणी उतरते, तोपर्यंत मला तेथेच राहू द्यावे. घाई करू नये.

येथपर्यंत लिहून झाले होते. पुढील मजकूर आज दुपारनंतरचा आहे. आधीचा मजकूर बदलून लिहिलेला नाही, खाली जोडला आहे.

कलम पाचमध्ये आधार कार्डावरचे नाव तंतोतंत असावे म्हणून मी दुपारी गिरजाबाईंच्या घरी गेलो. अकरा मार्चनंतर पहिल्यांदाच गेलो. गिरजाकाकी ओसरीत जाळ्याच्या गाठी मारत होती. निकेशची बायको रिता दारात उभी होती. मी कार्डावरचे नाव विचारले. काकी वर न बघता म्हणाली, "नाव कायले पायजे?" मी कागदाचे सांगितले. ती म्हणाली, "वाच."

मी म्हणालो, "फक्त पाचवं वाचतो."

"पयल्यापासून वाच. मले कोठी जाचं आहे?"

मी वाचले. चौथे वाचताना तिचा हात थांबला. रिता आत गेली. आतून भांडे पडल्याचा आवाज आला. मी थांबलो. काकी म्हणाली, "पुढं." मी सहावेही वाचले. 

"तुले ठाऊक होतं."

"हो काकी."

"अना त्यानं विचारलं."

"हो."

मला वाटले ती मारेल. मी चष्मा काढून हातात घेतला. तिने मारले नाही. ती म्हणाली, "डोंगा मेल्यावर देतेस?"

मी हो म्हटले.

"तू कई मरशील, थे पाहात बसू का मी? घरात दोन बायका, पोट आज आहे. द्याचा असंल तं आज दे."

"मले बुधवारी लागते काकी. खांब..."

"तुह्या मुडद्यासाठी जेठापर्यंत थांबा म्हणतेस. मंग खांबासाठी काहून नाही थांबत? पाणी तं उतरतेच." तिने हातातली गाठ आवळली. ती म्हणाली, "तुले खांब काढाचे नाहीत. तुले जाचं आहे. सोपं आहे थे."

मग तिने आत हाक मारली, "रिता, वल्हं मारशील का वो?" रिता बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "माहेरी सिहोऱ्याले तलावात मारतच होतो. या भाऊइतकं तं येतेच."

काकी म्हणाली, "झालं. डोंगा आमचा. आमच्या डोंग्यातून त्या पाण्यात कोणी उतरत नाही. तू तं नाहीच. दुसऱ्याचा घेशील तं नाव सांग, मी त्याच्या दारात जाऊन बसतो. जेठात पाणी उतरलं का सगळे पायी जाऊ अना तोडू."

मी म्हणालो, "काकी, माफी..."

"थे लिहू नोको," ती म्हणाली. "थे म्या देल्ली नाही."

म्हणून लिहीत नाही.

डोंगा व वल्ही आज सायंकाळी पाच वाजता घाटावर गिरजाबाईंच्या ताब्यात दिली. झिरपणारी फळी दाखविली. त्यामुळे कलम ५ रद्द. कलम ६ गिरजाबाईंनी माझ्याकडून रेघ मारून घेतले. बुधवारी मी जाणार नाही. कलम ४ कायम राहील, आणि ते मी येत्या रविवारी संस्थेच्या बैठकीत, मेल्यावर नव्हे तर जिवंतपणी, उभा राहून स्वतः वाचीन, अशी अट गिरजाबाईंनी घातली व मी ती मान्य केली. निकेशचे घड्याळ रिताला परत दिले.

घनश्यामभाऊंनी सांगितले होते की ज्याला कागदातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. आता गिरजाबाईंना यातून काही मिळत नाही. दुसरा साक्षीदार आपण होऊ, असे त्या स्वतः म्हणाल्या.

वरील मजकूर साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखविला. त्यांच्यासमक्ष मी सही केली व माझ्यासमक्ष त्यांनी.

लिहून देणार: धनंजय भैय्यालाल दिघोरे (सही)

साक्षीदार १: घनश्याम शेंडे, सचिव, मच्छीमार संस्था (सही)

साक्षीदार २: गिरजाबाई इस्तारी मारबते, मयत निकेशची आई (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: करंजटोला पुनर्वसन. दिनांक: ७ एप्रिल २०२५, सोमवार.

खाडाखोड: कलम ५ पूर्ण व कलम ६ पूर्ण. दोन्ही ठिकाणी माझी सही. कलम ६ वर गिरजाबाईंचा अंगठा दोनदा उमटला आहे. पहिला नीट आला होता, तरी त्यांनी परत दाबला.