एकतीस पोट्ट्यांचा खुलासा

घरून,
बुधवार, दि. १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अश्विन,
ताईचा मनापासून जय भीम.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तू, आरती आणि छोटा अनुप मजेत असाल. अकोल्यात आतापासूनच ऊन तापायला लागलं असेल, अनुपला टोपी घातल्याशिवाय बाहेर सोडू नका. तुझ्या भाऊजींचा गुडघा बरा आहे. भावनाचं अमरावतीला नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू आहे. तिवश्याच्या आत्याबाईंनी तूर पाठवली होती, तिची डाळ करून तुमच्यासाठी डबा भरून ठेवला आहे.

बस झालं शुद्ध. इथवर गुरुजींनी शिकवलं तसं लिहिलं, पण तुझ्याशी भांडाले मले आपलीच बोली पाहिजे.

रविवारी तू फोनवर बोलला ते सगळं मी ऐकून घेतलं. माझी बोलायची पाळी आली तर "ताई, मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिला. रविवारी कायची मीटिंग रे? म्हणून कागद घेतला. आता वाच गुमान.

मागच्या मंगळवारी काय झालं ते माझ्या तोंडून ऐक, तुझ्याजवळ नुसता रिपोर्ट आहे. नगर परिषदेचे साहेब न सांगता शाळेत आले. त्या दिवशी मसालेभात अन् मटकीची उसळ होती. नियमाप्रमाणं त्याईनं आधी चव घेतली, चवीच्या वहीत "उत्तम" लिहून सही ठोकली, अन् त्याच पेनानं पंगत मोजाले लागले. तुझ्या कार्डाच्या मशीनवर हजेरी एकशे बारा, अन् पंगतीत एकशे त्रेचाळीस. एकतीस पोट्टे कार्ड न लावता जेवून राहिले होते.

दोन दिवसांत नोटीस आली. "एकतीस विनाकार्ड लाभार्थ्यांना आहार का वाटला, याचा लेखी खुलासा सोमवार, दि. १७ फेब्रुवारी रोजी अकरा वाजता नगर परिषदेत समक्ष सादर करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल." बारा वर्षं झाली मले त्या शेगडीजवळ, अश्विन. माझ्यासोबत वाढणारी जमुनाबाई विचारते, "लाभार्थी म्हणजे कोण वं ललिता?" म्हटलं, आपलेच पोट्टे वं, आणखी कोण!

आता तू म्हणशीन, ताई माझ्या कंपनीच्या कार्डाले नावं ठेवते. नाई ठेवत. नळाचा अर्ज त्यावर, दवाखान्याची चिठ्ठी त्यावर, वाचनालय त्यावर, थंड पाण्याच्या मशीनवर तेच, अन् लेकराचं जेवणही त्यातच. एका घराले एक कार्ड. ऐकाले किती चांगलं! उद्घाटनाच्या दिवशी तू माईक धरून सांगत होता तवा मले एवढं कौतुक वाटलं की बाजूच्या बायाईले सांगत सुटली, हा माझा भाऊ होय, मी शाळेत नेऊन घातला याले.

पण बाप्पा, एक गोष्ट तुमच्या त्या एसीच्या खोलीत कोणाच्याच ध्यानात आली नाई का? दवाखाना अकरा ते दोन. शाळेचं जेवण एक वाजता. मंगळवारी बाळांच्या सुया असतात, अन् चिठ्ठी कार्डाशिवाय निघत नाई. मग कार्ड कोणाजवळ राहीन? आईच्या कमरेले. तिकडे लहान्याले सुई भेटते, इकडे मोठं लेकरू ताट घेऊन मशीनसमोर उभं. एकच कार्ड दोन ठिकाणी कसं जाईन? हे समजाले काही इंजिनीअर व्हा लागत नाई. आमच्या वाढपी बायाईले पयल्याच मंगळवारी समजलं होतं.

आता तुझ्या युक्तीवर येते. तू म्हणतो, मागच्या तारखेच्या एकतीस हजेऱ्या कॉम्प्युटरमधून चढवून देतो, म्हणजे एकशे त्रेचाळीसले एकशे त्रेचाळीस जुळले. अन् मी फक्त तू टाइप करून पाठवलेल्या माफीवर सही करायची, "मशीनला रेंज नव्हती, माझ्या निष्काळजीपणामुळे नोंद करायची राहिली." म्हणजे कार्ड बरोबर, मशीन बरोबर, कंपनी बरोबर, तू बरोबर. चुकली कोण? तर ललिता. अन् पुढच्या मंगळवारी एकतीस लेकरं पुन्हा उपाशी, कारण कागदावर तर सगळं झकास आहे!

नाई करत मी सही. लिहून घे.

मले माहीत आहे तुले काय वाटून राहिलं. हा प्रयोग बिघडला तर कंपनी तुले पक्कं करणार नाई. पण अरे, भावनाचं शिक्षण माझ्या याच मानधनावर चाललं आहे, मलेही भीती वाटतेच ना. चंद्रभान गुरुजी हेडमास्तर असून हात जोडून राहिले, म्हणतात, "बाई, माझी दोन वर्षं राहिली रिटायरले, सांभाळून घ्या." तुझे भाऊजीही म्हणाले, सही कर अन् मोकळी हो. त्याईले जे सांगतलं तेच तुले सांगते. शिळं वाढलं असतं, तेल चोरलं असतं, तर पायावर डोकं ठेवून माफी मागितली असती. लेकराले जेवू घातल्याची माफी मागणारी बाई आपल्या घरात जन्मली नाई अजून.

इथवर लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. सोमवारी सुरू केलं अन् आज बुधवार, वर तारीख आजची टाकली. पुढचं लिहावं की नाई, हेच समजत नव्हतं. तुले वाटत असीन ताई पयल्या दिवसापासून अशीच वाघीण होती. नव्हती.

जानेवारीत मशीन बसलं तवा तूच आमचं ट्रेनिंग घेतलं. सगळ्या बाया गेल्यावर मले बाजूले घेऊन म्हणाला, "ताई, तू तरी शिस्तीनं घे. कार्ड नाही तर वाढ नाही. माझी इज्जत आहे यात." मले ते लागलं. भावाची इज्जत!

अन् पयलाच मंगळवार. दुसरीतली दामिनी माहीत आहे का तुले? नाई, तुले कशी माहीत असणार. हडकुळी पोट्टी, दोन वेण्या, एका वेणीची रिबिन नेहमी सुटलेली. आई तिच्या भावाले सुई द्याले घेऊन गेली होती अन् कार्ड तिच्याजवळ. दामिनी माझ्यासमोर ताट घेऊन उभी राह्यली. मी डाव उचलला होता, अश्विन. वरण डावात होतं. तो मी परत वरणाच्या गंजात टाकला अन् म्हटलं, "कार्ड आण, मग वाढते. चल, लाइन सोड." अगदी तुझ्याच आवाजात म्हटलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती मागच्या नळावर गेली, कोरं ताट धुतलं, अन् बाकीच्या खरकट्या ताटांच्या ढिगावर पालथं ठेवून दिलं. आपण जेवलो नाई हे कोणाले दिसू नये म्हणून. सात वर्षांची पोट्टी! मी पाहून राहिली होती, अन् तरी हाक मारली नाई. पुढचा पोट्टा कार्ड घेऊन उभा होता, त्याले वाढलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ती शाळेतच आली नाई. आईले म्हणाली, पोट दुखते.

तुले एक गोष्ट सांगते म्हणता म्हणता आईनं कधी सांगतली नाई, मले सांगतली होती. ती नऊ वर्षांची असताना तिले एका लग्नात भरल्या पानावरून उठवलं होतं. मोठ्या शेतकऱ्याचं घर होतं, तिले कोणाच्या मधात बसावं अन् कोणाच्या नाई हे समजलं नाई. हात धरून उठवलं, सगळ्या गावासमोर. त्यानंतर आई मरेपर्यंत कोण्या लग्नात जेवली नाई, आपल्याईच्याही नाई. तुझ्या लग्नातही ती "वाढते मी" म्हणत फिरत राह्यली, आठव. लोकं म्हणत, पार्बताबाईले किती हौस! हौस नव्हती ती. अन् मी तिची पोट्टी, मी दामिनीले उठवलं. तिचा हात धरणाऱ्याचं काम त्या दिवशी मी केलं. हे तुले सांगाले मले महिना लागला, अन् अजूनही लाज जात नाई.

तवापासून मी मशीनकडे पाहणं सोडलं. कार्ड असो नसो, ताट पुढे आलं की वाढलं. दामिनीच्या घरी गेली, तिच्या आईसमोर तिचे हात धरून चुकली म्हटलं. जमुनाबाई माझ्यासोबत उभी राह्यली, म्हणते, तुले काढलं तर मलेही काढा लागीन. म्हणून एकतीस पोट्टे जेवले. निष्काळजीपणानं नाई, जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून.

तुझ्या त्या एकतीस हजेऱ्या चढवू नको. चढवल्या तर मी साहेबासमोर सांगीन की त्या खोट्या आहेत. तुले राग आला तर येऊ दे. मलेही आलेला आहे.

माझा खुलासा लिहून झाला. तो असा आहे:

"मा. मुख्याधिकारी साहेब, मी ललिता देवमन खंडारे, शाळेची स्वयंपाकी. ४ फेब्रुवारीला एकतीस मुलांना कार्ड नसताना मी जेवण वाढले. मला माहीत होते. मंगळवारी कार्ड त्यांच्या आयांजवळ दवाखान्यात असते. यापुढेही मी वाढीन. आपण एकतीस मुलांना दिल्याचा खुलासा मागितला. जानेवारीत एका मुलीला मी दिले नाही, त्याचा खुलासा मला कोणी मागितला नाही. तो मी आपणहून देत आहे. दुसरीतल्या दामिनीला मी कार्ड नाही म्हणून उपाशी परत पाठवले. चूक ती आहे. त्या चुकीची जी शिक्षा असेल ती द्या, मला मान्य आहे. कार्ड नाही तर वाढू नये, असे मला सांगणारे:"

पुढे जागा कोरी सोडली आहे. तुझं नाव मी लिहिणार नाई, माझ्या हातून होत नाई ते. पण जागा तशीच कोरी ठेवून कागद देणारही नाई. सोमवारी अकराच्या आत ये. पेन घेऊन ये.

तुझीच,
न हटणारी ताई
ललिता