शिवलेला पासपोर्ट

प्रिय भिंगरी,

परवा तू फोन आपटलास. हल्लीच्या फोनांना आपटायची सोय नाही म्हणतात, पण आवाज मला इथवर आला. दुकानाशेजारचे चष्मेवाले काका तुला सहज बोलून गेले की बाबांच्या तापाचं कारण देऊन आम्ही तुझ्याकडे यायचं रद्द केलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझे बाबा दुकानात ठणठणीत बसले होते. झालं, तू लगेच निकाल लावून मोकळी! ताप-बीप काही नव्हता, बाबांना यायचंच नव्हतं, त्यांना माझं काम कधी पटलंच नाही, म्हणालीस. त्यातलं पहिलं खरं आहे, ताप नव्हता. पुढचं सगळं साफ खोटं. कुणापाशी तोंड उघडणार नाही असं मी ह्यांना वचन दिलंय, म्हणून लिहिते आहे. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.

तर पहिल्यापासून ऐक. तुझ्या ग्रंथालयातलं प्रदर्शन, मधोमध काचेच्या पेटीत तू दुरुस्त केलेलं ते नकाशांचं जुनं पुस्तक आणि खाली तुझं नाव, हे सगळं तू कळवलंस, त्या दिवसापासून ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. माझ्यासमोर मात्र चेहरा कोरा. बघू, जमलं तर जाऊ, म्हणाले. आणि तिकडे दुकानात पावतीपुस्तकं बांधून घ्यायला आलेल्या माणसाला धरून बसवून सांगत होते, की लेकीच्या देशात आपल्याला व्हिसा लागत नाही! अशा थाटात, की तो नियम त्या देशानं खास ह्यांच्यासाठीच केलाय. चष्मेवाल्यांनी विचारलं, म्हणजे कसं हो? तर म्हणे, कसं काय, बाइंडरच्या मुलीचा बाप आहे म्हणायचं आणि आत जायचं.

मग तू पाठवलेली यादी आली आणि बाइंडरच्या मुलीच्या बापाला कळलं, की व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने हवी, कोरी पानं हवीत, परतीचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता हवा, विमा हवा. मी म्हटलं, ह्यापेक्षा व्हिसा परवडला असता. पण ह्यांना उत्साहच चढला. मुदत होती. कोरी पानं तर सगळीच होती, आम्ही कुठं जायला बसलोय! परतीच्या तिकिटाचा तेवढा राग आला. पोरीकडे चाललोय, पोहोचायच्या आधीच परत कधी जाणार हे कसलं विचारणं, म्हणून कुरकुरले. मी म्हटलं, अहो, विचारतायत तेच बरं, नाहीतर तुम्ही तिच्या टेबलावरची हत्यारं लावत बसाल आणि उठायचं नाव घेणार नाही. यावर हसले. हसले की ते अजून तसेच दिसतात, तुला माहितीये.

यादीत शेवटी एक ओळ होती. पासपोर्ट फाटलेला, सुटलेला किंवा खराब झालेला चालणार नाही. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण माझा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली सुखरूप होता, आणि ह्यांचा होता दुकानात. पुस्तक वाकू नये म्हणून ह्यांनी तो इतकी वर्षं पुठ्ठ्यांच्या थप्पीखाली वजन ठेवून दाबून ठेवला होता. कडक सरळ होता अगदी! पण पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या ओलीनं कव्हर एका बाजूनं उचललं होतं, आणि मधली शिवण सैल पडली होती. आता सांग, दुसऱ्या कुणी काय केलं असतं? कचेरीत जाऊन बदलून आणला असता. तुझ्या बाबांनी काय केलं? दुकानाचं दार लावून घेतलं आणि पासपोर्ट दुरुस्त केला.

मला दाखवायला आणला तेव्हा कपाळावर हात मारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, हे मी कबूल करते. एवढी वर्षं बाइंडरशी संसार केल्यावर माझी अक्कलही त्याच खळीत भिजलेली. फाटका चालत नाही, मग शिवला, यात वावगं काय? आणि काम असं झालं होतं, की नवा पासपोर्ट त्याच्यापुढं जुना वाटावा.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं सगळं पाहिलं. मुदत, तिकीट, तुझा पत्ता, विमा. पासपोर्ट चाळला, पुन्हा चाळला आणि पुढं ठेवला. तिला काहीएक दिसलं नाही! बॅगा पट्ट्यावर चढायच्या बेतात होत्या. पण एवढं काम केलंय आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, हे तुझ्या बाबांना सहन होईल का? पुढं वाकून म्हणाले, बाळ, नीट बघ, शिवण कुठं सापडतेय का? मी ह्यांच्या पायावर पाय दिला. ह्यांना वाटलं, मीही कौतुकच करतेय.

तिनं वरच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा वर केला, पासपोर्ट उजेडात धरला, सुईचं भोक कुठं दिसतंय का ते पाहिलं. त्यांनाही सापडेना. शेवटी ह्यांनीच नखानं जागा दाखवली आणि शाबासकी घ्यायला उभे राहिले, छाती काढून. ते साहेब भला माणूस. काका, काम पाहत राहावं असं आहे, म्हणाले, पण ह्यावर मी तुम्हाला जाऊ देऊ शकत नाही. व्हिसा नसतो तेव्हा तिकडच्या लोकांच्या हातात तुमच्याबद्दल एवढं एकच पुस्तक असतं. ते जसं दिलं तसंच असावं लागतं. त्याला कुणी हात लावला, मग तो कितीही चांगला हात असो, की ते संपलं. काकू, तुमचा पासपोर्ट ठीक आहे, तुम्ही जाऊ शकता.

हेही मला जा म्हणाले. मी का नाही आले, ते सांगते. मी एकटी आले असते, तर तू माझ्या मागं पाहिलं असतंस. मागं कुणी नाही म्हटल्यावर तू जे आज म्हणतेस तेच त्या दिवशी म्हणाली असतीस, तेही चारचौघांत. आणि खरं सांगू? त्या माणसाला त्या चकचकीत फरशीवर एकटं सोडून जायला माझा पाय निघेना. टॅक्सीत ते एकच वाक्य बोलले. पोरगी एवढ्या मोठ्या ठिकाणी पुस्तकं दुरुस्त करते आणि तिचा बाप सुटलेलं पुस्तक घेऊन दारात उभा राहिला असता, तर लोकांनी तिला काय म्हटलं असतं? मग तापाचं ठरलं. हसं नको व्हायला, म्हणाले. स्वतःचं नाही गं, तुझं.

तुला अजून तो दिवस सलतो, मला माहीत आहे. मागच्या खेपेला आलीस, तेव्हा तू त्यांना तुझा तो टाका करून दाखवला होतास. जुन्याच भोकांतून दोरा फिरवायचा, पुस्तकाला नवं भोक म्हणून पाडायचं नाही. आणि हे फटकन म्हणाले, भोक पाडायला घाबरतो तो बाइंडर कसला! तू सुई ठेवून उठलीस आणि जाईपर्यंत दुकानात पाऊल टाकलं नाहीस. तू गेल्यावर टेबलाखालच्या टोपलीत मला रद्दीच्या शिवलेल्या चोपड्या सापडायच्या. उसवलेल्या, पुन्हा शिवलेल्या, पुन्हा उसवलेल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच चालतात.

आता बातमी. ह्यांचा नवा पासपोर्ट आला आहे आणि तो माझ्या साड्यांखाली आहे. परतीच्या तिकिटांसकट सगळं झालंय, तुझं प्रदर्शन उठायच्या आत आम्ही पोहोचतो. आता कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणून दोन दिवस आढेवेढे घेतले. मी म्हटलं, आहे त्याच तोंडानं चला, फोटो त्याचाच लागलाय. दारात गाल फुगवून उभी राहू नकोस, एवढंच माझं मागणं. पण नुसतं तेवढ्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. ह्यांचा जुना पासपोर्ट कचेरीतून कोपरा कापून परत मिळाला, तो सोबत पाठवते आहे. त्यांना वाटतंय, मी तो रद्दीत टाकला. तू तुझ्या टेबलावर घे, भिंग लाव आणि मधलं पान उघड. मी बाइंडर नाही, पण बाइंडरची बायको आहे आणि बाइंडरची आई. त्यात नवं भोक एकही नाही, भिंगरी. साऱ्या जगाला दाखवायचं ते एकुलतं एक पुस्तक तुझ्या बाबांनी तुझ्या टाक्यानं शिवलं.

तुझीच, आणि वचन न मोडलेली,
आई