‘पुस्तके’ असे लिहिलेल्या खोक्याचा उशिरा दिलेला जबाब

प्रति,
मा. कामगार सुरक्षा अधिकारी,
घरे रिकामी करणे व अडगळ वाहतूक शाखा,
कामगार सुरक्षा कार्यालय.

विषय : घर रिकामे करताना कामगाराच्या हाताला झालेल्या इजेबाबत मुदत उलटल्यानंतर दिलेला जबाब दाखल करून घेण्याविषयी.

संदर्भ : आपले पत्र, जे अर्जदाराला वेळेवर मिळाले होते.

महोदय,

१. आपले पत्र अर्जदाराला मिळाले, त्याने ते वाचले, आणि उत्तर दिले नाही. टपाल गहाळ झाले, प्रकृती बरी नव्हती, पत्ता बदलला, अशी कारणे त्याने कच्च्या मसुद्यांत लिहून पाहिली. एकही खरे नाही. अर्जदाराने उभे आयुष्य एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवले. आपले पत्र हाती आल्यावर त्याने आधी पेन्सिल घेतली, त्यातला एक सुटलेला स्वल्पविराम भरला, आणि पत्र शब्दकोशात घालून ठेवले. आपण स्वल्पविराम मागितला नव्हता. आपण तीन गोष्टी विचारल्या होत्या : खोक्यात काय आहे हे कामगाराला सांगितले होते काय, त्यातल्या सुया कोणी वापरलेल्या होत्या, आणि कामगाराच्या हातात हातमोजे का नव्हते.

२. पत्नीच्या पश्चात अर्जदाराला ते घर झेपेनासे झाले. भाचीने आपल्या शेजारची एक खोली बघून दिली आणि जुने घर रिकामे करायला कंत्राटदाराची माणसे बोलावली. दोघे आले. एक मुकादम, आणि दुसरा हाडकुळा कामगार, ज्याला सगळे पैलवान म्हणतात. “वारा सुटला की याच्या खिशात विटा घालाव्या लागतात,” अशी मुकादमाने त्याची ओळख करून दिली. त्यावर पैलवान म्हणाला, “मुकादम एक जिना चढून येईस्तोवर माझी निम्मी गाडी भरलेली असते, आजोबा. विटा त्यांच्याच खिशात असतील.” अर्जदाराच्या घरात फार दिवसांनी कोणी हसले होते. हे प्रकरणाशी संबंधित नाही, याची अर्जदाराला जाणीव आहे.

३. या लोकांची कामाची एक रीत आहे, ती आपणास ठाऊक असेलच. कशालाही हात लावण्याआधी मुकादम प्रत्येक खोलीच्या मधोमध उभा राहून घरमालकाला मोठ्याने विचारतो, “टोचणारं, कापणारं, भाजणारं काही?” घरमालक जे दाखवील त्याला लाल चिकटपट्टी लागते आणि ते पिशवीत न जाता पत्र्याच्या डब्यात जाते. स्वयंपाकघरात अर्जदाराने सुऱ्या दाखवल्या, तडा गेलेली बरणी दाखवली. न्हाणीघरात फरशी घासायच्या ॲसिडची बाटली दाखवली. निजायच्या खोलीत मात्र तो म्हणाला, “इथे काही नाही. नुसती पुस्तकं.”

४. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कामगाराला सांगितले नव्हते. उलट खोटे सांगितले होते. पलंगाखालच्या त्या खोक्यात पत्नीच्या शेवटच्या वर्षांतल्या इन्सुलिनच्या सुया आणि काचेच्या रिकाम्या कुप्या होत्या. ती असताना त्या अर्जदारानेच साठवल्या, ती गेल्यावर टाकवल्या नाहीत, आणि नंतर इमारतीच्या कचऱ्यात टाकायची लाज वाटू लागली. शेजारचे काय म्हणतील, हा माणूस एवढ्या सुया उशाशी घेऊन झोपत होता. म्हणून त्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि वर ‘पुस्तके, सावकाश’ असे लिहिले. त्या घरात ‘पुस्तके’ लिहिलेले खोके कधी कोणी उघडून पाहिले नव्हते. ते आपण स्वतः उचलून न्यायचे, असे अर्जदाराने ठरवले होते. गडबडीत ते इतर खोक्यांच्या रांगेत गेले. गेलेले अर्जदाराला दिसले. तरी तो बोलला नाही.

५. कचऱ्याची पिशवी हे लोक अंगापासून लांब धरतात. पुस्तकांचे खोके मात्र छातीशी कवटाळतात आणि एक हात बुडाखाली घालतात, कारण पुस्तके जड असतात आणि पुठ्ठ्याचा भरवसा नसतो. पैलवानाने ते तसेच नेले. जिन्याच्या वळणावर बूड सुटले. काच तळहातात गेली, सुई अंगठ्याच्या मुळाशी. अर्जदार कठड्याला धरून वर उभा होता. पैलवानाने वर पाहिले आणि पहिला प्रश्न असा केला : “आजोबा, पुस्तकं फाटली नाहीत ना?”

६. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. सर्व सुया अर्जदाराच्या पत्नीने वापरलेल्या होत्या. तिला मधुमेह होता, रक्तातून पसरणारा कोणताही आजार नव्हता. तिचे तपासणी अहवाल सोबत जोडले आहेत. हे एक वाक्य अर्जदार त्या दिवशी जिन्यातच बोलू शकला असता. ते न बोलल्यामुळे, सुई कोणाची हे माहीत नसलेल्या डॉक्टरांना वाईटात वाईट धरून औषधे सुरू करावी लागली. परवा मुकादम जुन्या घराची किल्ली परत द्यायला आला. पैलवान कसा आहे, असे विचारल्यावर तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, “औषधांनी उलट्या होतात. घरात ताट वेगळं, पेला वेगळा. धाकटी लेक गळ्यात पडायला आली की दोन्ही हात पाठीमागे घेतो. तिला वाटतं, बाबा खेळतोय.” अर्जदाराने तेथल्या तेथे अहवालाची एक प्रत त्याच्या हाती दिली. त्याने ती वाचली, अर्जदाराकडे एकदा पाहिले आणि जिना उतरून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

७. जाण्यापूर्वी मुकादमाने आणखी एक सांगितले होते. कंत्राटदाराचे म्हणणे, हातमोजे घातले नव्हते म्हणजे नियम मोडला. तेव्हा भरपाई नाही आणि कामही नाही. “मी तेव्हा खाली गाडीपाशी होतो, मी काय साक्ष देणार? त्याला विचारलं तर म्हणतो, काढले होते, माझं मी काढले. पुढे तोंड उघडत नाही.”

८. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ‘अर्जदार’ या शब्दामागे उभे राहता येत नाही. हातमोजे काढायला मी सांगितले. पैलवानाने ते घातलेले होते, जाड, रबरी, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याने तेलकट झालेले. तो खोके उचलायला वाकला तेव्हा मी म्हणालो, “ते काढता का? पुस्तकांना डाग पडतील.” त्याने लगेच काढले, हात पँटला पुसले, आणि मला दाखवले, लहान मूल जेवणाआधी दाखवते तसे. सुयांच्या खोक्याला डाग पडू नयेत म्हणून मी एका माणसाचे हात उघडे केले. ते त्याने कोणाला सांगितले नाही. मला वाचवण्यासाठी तो स्वतःवर घेत आहे, आणि मी ते घेऊ दिले.

९. तरी नम्र विनंती की :
पैलवानावर ठेवलेला ठपका काढून टाकावा, त्याला भरपाई मिळावी आणि बरा झाल्यावर कामावर घ्यावे. त्याने नियम मोडला नाही. घरमालकाचा शब्द मानला.
माझ्यावर जी कारवाई योग्य असेल ती करावी. वय पाहू नये.
घरमालकाने खोक्यावर लिहिलेल्या शब्दावर कोणी विसंबू नये, मग तो शब्द कितीही शुद्ध लिहिलेला असो.
मुकादमाने विचारायच्या धोक्यांत काच, सुई, ॲसिड यांच्याबरोबर घरमालकाची लाज हाही एक प्रकार धरावा. ती दिसत नाही, पण पुठ्ठ्यातून आरपार जाते. प्रत्येक खोलीत एकदा मोठ्याने विचारून झाल्यावर मुकादमाने पाठ फिरवावी आणि घरमालकाला लाल पट्टी हातात देऊन एकटे सोडावे. मला तसे सोडले असते तर मी ती त्या खोक्याला लावली असती, असे वाटते. खात्री नाही. न लावल्यास ती घरमालकाच्याच मनगटाला बांधावी, म्हणजे तो ‘काही नाही’ म्हणेल त्या वस्तूपासूनही कामगार सावध राहतील.

१०. सुनावणीला बोलावल्यास येईन. मला चारचौघांत बोलता येत नाही. हाच अर्ज वाचून दाखवीन.

आपला, वेळेवर न बोललेला,
(सही)
सेवानिवृत्त मुद्रितशोधक

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : १) पत्नीचे तपासणी अहवाल. २) आपले मूळ पत्र, पेन्सिलीची खूण माझी, ती विचारात घेऊ नये. ३) खोक्याच्या पुठ्ठ्याचा माझ्या अक्षरातला तुकडा.

ता. क. : हे टपाल कचेरीतल्या खिडकीपाशी उभ्याने लिहीत आहे, पाकीट अजून बंद केलेले नाही. खिडकीतल्या बाईंनी पाकीट दाबून पाहिले आणि विचारले, “जाड लागतंय. काय आहे आत? धारदार काही?” माझ्यामागे रांग होती. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, की पुठ्ठ्याचा तुकडा आहे, त्याला एका माणसाचे रक्त लागलेले आहे, आणि ते माझ्यामुळे लागलेले आहे. धारदार नाही, घरी दोन्ही बाजूंनी उघडा हात फिरवून पाहिला आहे. बाईंनी शिक्का हातात घेतला आहे. आता पाकीट देतो.