हात न लावायचा रुपया

आदरणीय नागसेनदादा आणि वहिनी यांना,

चामोर्शीहून तुमच्या धाकट्या भावाचा, हरिदासचा, आणि त्याच्या घरच्या समद्यायचा जय भीम. दादा, गुडघा कसा आहे? डॉक्टरनं पायरी चढू नका म्हटलं आणि तुम्ही कवेलू फेरायले डायरेक्ट छपरावर चढले, असं वहिनीनं आमच्या घरवालीले, मनकर्णाले, सांगितलं (माहं नाव नका घेऊ, मी फक्त बाजूले बसून ऐकलं). इथी सगळे मजेत. धान निसवला आहे, डुकरं येऊन राह्यले, मी खोकलून राह्यलो. म्हणजे नेहमीचंच.

तुम्ही विचारलं का सरकार ते चांदीचे मोठ्या आकड्याचे नाणे काढते, ते घेऊन ठेवले तर फायदा आहे का. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर असते आणि मनकर्णा मधात बोलते. म्हणून लिहून राह्यलो. नका घेऊ, दादा. हात जोडतो, नका घेऊ. काऊन, ते आता आयका.

म्या घेतलं होतं एक. आपल्या प्रवीणनं (तोच, मोबाईलच्या दुकानवाला) मले व्हिडिओ दाखवला, त्यात एक टाय घातलेला माणूस सांगे का हे नाणं दहा वर्षांत सोन्यासारखं चढते. दादा, टाय घातलेल्या माणसावर माहा पहिलेपासून लय भरोसा. मागवलं. वरते लिहिलं हजार, मोजले हजाराच्या कितीतरी पट, तिथीच माहं डोस्कं ठिकाणावर यायले पाहिजे होतं. आलं मखमलीच्या पेटीत, पेटीत प्लास्टिकची गोल डबी, डबीत नाणं. चकाकी अशी का मनकर्णानं त्यात कुंकवाशिवायचं आपलं कपाळ पाहून घेतलं आणि केस सारखे केले. पण व्हिडिओवाल्यानं बजावलं होतं, डबी उघडू नका, बोट लागलं का डाग पडते आणि डाग पडला का किंमत गेली. झालं! त्या दिवसापासून मी घरात वाघ. आलमारीले कोणी हात लावू नका, फडकं मारू नका, तिच्यासमोर शिंकू नका. मधात एकदा सोनाराले दाखवलं. तो म्हणे, भाऊ, मी तर चांदीच्या वजनाचे देईन, मखमलीचे नाई. किराणावाल्याले म्हटलं, कायद्यानं हजार रुपये आहे, घेतं का? तो म्हणे, चॉकलेटचं आहे का? म्हणजे पाहा, पैसा आहे पण चालत नाई, चांदी आहे पण दागिना नाई, आणि ठेवाची म्हटली तर घरात शिंकाची सोय नाई.

इथपर्यंत तरी आमचंच हसू होतं. पण मंग अजयचं जमून आलं.

तुमच्या पुतण्याचं वय तुम्हाले ठाऊकच आहे. आलापल्लीले सागवानाच्या डेपोत लागल्यापासून पोट्टा पोरी पाहून राह्यला आणि दर वेळी काई ना काई मोडून राह्यलं. औंदा कोरपन्याची खुशबू पाहिली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पोट्टी हुशार, तोंडानं फटकळ, आणि अजय तिच्यापुढं बसला तर त्याचा चहा थंडा झाला तरी त्याले पत्ता नाई. दादा, त्याले असं खुश म्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. वाटेत गाडीत मले म्हणे, बाबा, तिथी जास्ती बोलू नका. पोराची तेवढीच एक मागणी होती.

आता त्यायच्या घरची रीत आयका. पोरगी पसंत पडली का पोराच्या बापानं रुपया काढायचा. तो पहिले घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या हातावर, मंग सुना, आत्या, शेजारणी, समद्यायच्या हातावरून फिरत फिरत शेवटी पोरीच्या हातावर. समद्यायचा हात लागला का रुपया घरचा झाला, नातं पक्कं. लोकं पाचाचा, दहाचा ठोकळा देते. माह्या डोक्यात शिरलं का आपुन हजाराचा देऊ! कोरपना पाहतच राहीन!

कोरपन्यानं पाह्यलं, दादा. म्या मखमलीची पेटी काढली, बायका पुढं सरकल्या. मंग म्या खिशातून बँडवाल्याचा पांढरा हातमोजा काढला आणि उजव्या हातात घातला (व्हिडिओत तसंच होतं). खुशबूचा बाप हळूच म्हणे, भाऊ, हाताले काई रोग आहे का? मी म्हटलं, नाई नाई, रोग नाई, नाण्याची काळजी. आणि डबी पुढं केली. खुशबूची आजी सुगंधाबाई, जिंदगी कापूस वेचण्यात गेली, बोटायले भेगा पडलेल्या, त्या माऊलीनं डबी घेतली आणि झाकण उघडायले लागली. आणि माह्या तोंडातून निघून गेलं, "हात नका लावू! खराब होईन!"

दादा, पुढं सरकलेल्या बायका मागं झाल्या.

बुढी रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं. डबी मांडीवर ठेवली आणि म्हणे, "माह्या सासऱ्याले विहिरीवर असंच म्हणे लोकं. हात नको लावू, खराब होईन. आता तुम्हीही म्हणता का, भाऊ? आपलेच?"

मले त्या मोज्यासकट जमिनीत गाडून घ्यावं वाटलं. आपल्या बापानं तेच आयकलं, आज्यानं तेच आयकलं, आणि मी जयंतीत दरसाली त्याच्यावरच भाषण ठोकतो, लाऊडस्पीकर लावून! मनकर्णानं माह्याकडं असं पाहिलं का मी पेटीत मावलो असतो. अजय खाली पाहत होता. पोराचे कान लाल झाले होते.

उठली कोण? खुशबू. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता उचलला, डबीच्या खाचेत घातला, कचकन! डबी एकीकडं, नाणं एकीकडं. नाणं आजीच्या हातावर ठेवलं आणि मले म्हणे, "काका, मी दवाखान्यात दिवसभर हातमोजे घालते. घरी तरी बिनामोज्याचा सासरा पाहिजे." मंग पूर्ण घर हसलं. मीही हसलो, पण मोजा काढता काढता रडू आलं, खोटं काऊन बोलू. बाया नाण्याले हात लावत गेल्या, आत्याच्या हाताले भाजीचं हळद-तिखट होतं, एकीनं तर दातानं चावून पाहिलं. म्या मोजा खिशात कोंबला. पण शेवटी आजीनं नाणं परत आपल्या मुठीत घेतलं, पोरीले दिलंच नाई. म्हणे, "इचार करून सांगीन." परतीच्या वाटेवर अजय गाडीत माह्याजवळून उठून मागं जाऊन बसला, आणि तवापासून घरात मी पाहुणा आहो. तर आता सांगा, दादा, या धंद्यात फायदा आहे का?

वहिनीले नमस्कार, गुडघ्याले आराम.

तुमचा,
हरिदास

ता. क. लिफाफा चिकटवत होतो तर कोरपन्याहून फोन आला. बुढीनं सोनाराकडून त्या नाण्याले भोक पाडून घेतलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं! कापूस वेचायले तेच घालून जाते, आणि बांधावरची एकेक बाई हात लावून पाहते म्हणे. किंमत तर गेली बाराच्या भावात. पण नातं पक्कं, दादा, पक्कं! अजय अंगणात एकटाच नाचून राह्यला, मनकर्णा त्याले पाहून राह्यली, मी दोघायले.

ता. क. दुसरं. आता लग्नाआधीच्या साक्षगंधाले पोरीच्या हातावर ठेवायले रुपया नाई, कारण तिचा तर आजीच्या गळ्यात गेला, आणि खुशबूनं निरोप धाडला का मलेही तस्साच पाहिजे, हजाराचा. म्हणून वरते जिथी जिथी 'नका घेऊ' लिहिलं तिथी तिथी 'घ्या' वाचा. एक घ्याच, आणि या कामासाठीच हे पत्र आहे, उगा गोल गोल नाई फिरवत. पण पोस्टानं नका धाडू. डबी तिथी तुमच्या बल्लारपूरलेच फोडून फेका, नाणं सुटं खिशात टाका आणि वहिनीले घेऊन बसनं या. अन् वाटेत जो कोणी पाहायले मागीन, त्याच्या हातावर ठेवत ठेवत आणा.