पाय आले पाहिजेत

अण्णा, आज तुमचं ऐकायला गेलो आणि पोरीला त्रास झाला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी इथे अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाच्या घरी बसून तुम्हाला लिहितोय. माझी सोळा वर्षांची नात बॅले शिकते. तुम्हाला हा शब्द समजावायला नको. आपल्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी भारत-रशिया मैत्री मंडळाचा खेळ असायचा, तेव्हा रशियन बॅलेची रिळं तुम्हीच मशीनवर चढवायचात, मी तुमच्या हाताखालचा पोऱ्या.

नात तसल्याच जुन्या फिल्म टॅबलेटवर बघते, थांबवून, मागे नेऊन. मी शेजारी बसतो. पांढऱ्या झग्यातली बाई अंगठ्यांच्या टोकावर उभी राहते आणि मी आपल्या केबिनमध्ये असतो. मशीन तापलंय, तुम्ही भोकाला डोळा लावून उभे आहात. आपला पडदा बुटका, त्यावर चित्र पुरं मावतच नाही. वर घेतलं की डोकी जातात, खाली घेतलं की पाय. तुम्ही कायम वर घ्यायचात. खालून लोक ओरडायचे, "ओ ऑपरेटर, डोकं दाखवा. आम्ही काय चपलांच्या दुकानात आलोय?" तुम्ही ढिम्म. "डोकी काय, गावातही आहेत. पाय आले पाहिजेत." आणि रीळ बदलताना हळूच म्हणायचात, "हिचे अंगठे घरी कोण चेपत असेल रे?"

नातीला उन्हाळ्यात एका मोठ्या बॅले शाळेत जायचंय. त्यांना तिच्या नाचाचा व्हिडिओ आज पाचच्या आत पाठवायचा होता. मुलगा-सून ऑफिसात, शूटिंग करणार होती त्या मैत्रिणीनं ऐनवेळी कॅन्सल केलं. राहिलो मी. बेसमेंटमध्ये ती बूट घालायला बसली तेव्हा दिसलं, अंगठ्याचं नख उचकटलेलं. "आईला सांगू नका हं, प्लीज. एकदाच करायचंय, आजोबा. फुल बॉडी घ्या, ओके?" फोन धरला. मनात एकच, पाय सुटायला नकोत.

नाच झाल्यावर तिने फोन घेऊन बघितलं. मग म्हणाली, "आजोबा, व्हेअर इज माय हेड?" प्रत्येक उडीला मानेपासून वरचं गायब. पाय मात्र एकदाही सुटले नव्हते. मी म्हटलं, राहू दे बाळा, अंगठा बघ आधी. "इट्स ओके. परत करू. तुम्ही फक्त मागे जा ना."

भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकलो. या वेळी सगळी आली, आणि आपण दोघांनी कधी न बघितलेलं मला दिसलं. खाली गुलाबी बुटाच्या टोकाला डाग फुटत होता आणि वर चेहरा हसत होता, कुठे काही दुखत नसल्यासारखा. त्या रशियन बायकाही दुखणं लपवून अशाच हसत असतील, अण्णा. तुम्ही पाय बघितलेत, लोकांनी डोकी मागितली. दोन्ही एकदम बघायची पाळी माझ्यावर आली. थांब म्हणायला हवं होतं. फोन खाली घेतला नाही.

व्हिडिओ वेळेत गेला. मघाशी कोमट पाण्यात मीठ घालून तिचे पाय ठेवले, दुसऱ्या पायाचा अंगठा चेपला. घरी कोण चेपतं, ते तुम्हाला कळलं असेल. डोळे मिटूनच ती म्हणाली, "सिलेक्शन होईल ना? देवाला सांगा हं."

दिवा लावला, हात जोडले, आणि निवड होऊ नये असं मागून बसलो. आता सुनेची गाडी दारात आलीय. अंगठ्याचं तिला सांगावं की नाही, अजून ठरत नाही. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, खिशातच राहील. नातीला म्हटलं, सांगितलं देवाला. काय सांगितलं, ते तिने विचारलं नाही.